चुलीभोवतीची जागा

मराठी भाषेने घराचा हिशेब भिंतींवर कधी ठेवला नाही. तो चुलीवर ठेवला. भावाभावांत वाटणी झाली की 'चूल वेगळी झाली' असे आपण म्हणतो. सगळ्या घराला जेवायला बोलवायचे असेल तर ते आमंत्रण 'चूलबंद'. घरात दाणा नसला तर 'चूल पेटली नाही', आणि शेजारच्या घरातली भांडणे कानांवर आली तर आपल्या घराची समजूत घालायला 'घरोघरी मातीच्या चुली' आहेतच. गेली वीस वर्षे हे वाक्प्रचार मी वर्गात शिकवीत आले आहे. पूर्वी मुले नुसती उतरवून घेत. अलीकडे एखादी मुलगी हमखास विचारते, "मॅडम, चूल म्हणजे गॅसची शेगडीच ना?" तिला 'हो' म्हणवत नाही आणि 'नाही' म्हणून पुढचे समजावून सांगायला तासाची वेळ पुरत नाही. 'त्यांचा गॅस वेगळा झाला' असे मात्र अजून कुणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

ज्या चुलीने भाषेला एवढे दिले, तिच्याभोवतीची बसायची जागा आपल्या घरांतून हळूच निघून गेली आहे. आमचा पुण्यातला फ्लॅट घ्या. स्वयंपाकघर नऊ फूट बाय सात फूट. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला फ्रीज आणि धान्याचे डबे, मधल्या पट्टीत एक माणूस उभे राहील. दुसरे आले की पहिल्याने अंग चोरायचे. मार्गशीर्षातल्या पहाटे साडेपाचला मी तिथे उभी असते. पायाखालची फरशी गार, समोरची भिंत गार, नळाचे पाणी तर बोटांची नावे विसरायला लावणारे. तिन्ही शेगड्या पेटलेल्या असतात. पण ती ज्योत भांड्यापुरती. पाठीमागे सारे घर पांघरुणात, आणि माझी त्या घराकडे पाठ. हिवाळ्यात जी खोली घरात सर्वांत हवीहवीशी असायची, तिच्यात जायची पाळी आली की आता प्रत्येकाला दुसरे काही काम आठवते.

हिवाळ्यातले स्वयंपाकघर कसे असते, हे मी पाहिले ते थेट लडाखात.

त्याचे निमित्त आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी. पुण्यात शिकायला येणाऱ्या लडाखी मुलांचे आता कुणाला नवल राहिलेले नाही. हा मुलगा शास्त्रशाखेचा, पण ग्रंथालयात माझ्याशी बोलायला थांबायचा. एका डिसेंबरात पारा दहा अंशांवर उतरला होता, तेव्हा तो आमच्या घरी आला. सासूबाई बाहेरच्या खोलीत दोन शाली पांघरून बसल्या होत्या, हे कानटोपी घालून वर्तमानपत्र वाचीत होते, लेक आपल्या खोलीत दार लावून. मुलगा जरा वेळ बसला आणि संकोचत म्हणाला, "मॅडम, मला आमच्या गावापेक्षा तुमच्या घरात जास्त थंडी वाजते."

आम्ही हसलो. तो हसला नाही. "खरंच सांगतो," तो म्हणाला, "आमच्याकडे थंडी बाहेर असते. तुमच्याकडे ती घरात प्रत्येकाला वेगवेगळी वाजते. एकदा या."

पुढच्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्ही गेलो. लोक उन्हाळ्यात लडाखला जातात आणि आपण हिवाळ्यात निघालो, यावरून नातेवाइकांनी आमच्या शहाणपणाविषयी जे काय बोलायचे ते बोलून घेतले. सासूबाई नणंदेकडे राहिल्या. मनालीकडून येणारा रस्ता हिवाळ्यात बर्फाखाली असतो, तेव्हा दिल्लीहून विमान हाच मार्ग. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट उंच. तिथे हवा इतकी विरळ, की दोन जिने चढले तरी ओझे घेऊन पर्वती चढल्यासारखी धाप लागते. त्यामुळे पहिले दोन दिवस नुसते पडून राहायचे, असे त्या मुलाने बजावून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी तो आम्हांला घेऊन गावी निघाला. गाव सिंधूच्या काठचे, लेहपासून तासाभराच्या वाटेवर.

त्या वाटेवरच लडाखच्या घराचे कोडे उलगडायला लागते. वर निळे, कोरडे आकाश आणि खाली उघडे डोंगर. पाऊस व बर्फ मिळून वर्षाकाठी शंभर मिलिमीटरांच्या आसपास, त्यामुळे झाड दिसेल ते ओढ्याकाठचे किंवा पाटाच्या पाण्यावरचे: विलो नाहीतर पॉप्लर. रान नाही, म्हणून सरपण नाही. उन्हाळ्यात कुरणांवर फिरून गोळा केलेले याक आणि गाईगुरांचे वाळके शेण, विलोच्या काटक्या, एवढेच काय ते जळण. ते घराच्या धाब्यावर कडेकडेने नीट रचून ठेवलेले असते. गावात शिरताना प्रत्येक घराच्या डोक्यावर ही गडद किनार दिसते. कुणाचा हिवाळा कसा जाणार, ते रस्त्यावरून वाचता येते.

जळण मोजके आणि रात्री पारा उणे १५ अंशांच्या आसपास. अशा ठिकाणी प्रत्येक खोलीत वेगळी शेगडी पेटवणे कुणाला परवडणार? म्हणून लडाखी घर हिवाळ्यात स्वतःला आटवून घेते. उन्हाळ्यातल्या राहण्याला तिथे 'यार्सा' म्हणतात, हिवाळ्यातल्या राहण्याला 'गुन्सा'. दिवाणखाना, पाहुण्यांची खोली, वरच्या हवेशीर खोल्या, सगळ्यांची दारे बंद होतात आणि माणसे, अंथरुणे, मुलांची दप्तरे, आजीची जपमाळ, सारे स्वयंपाकघरात येऊन राहते. चार महिने घर म्हणजे एक खोली आणि ती खोली म्हणजे स्वयंपाकघर.

आम्ही दारातून वाकून आत शिरलो तेव्हा डोळ्यांना आधी काहीच दिसले नाही. गालांना मात्र सगळे कळले. ऊब अंगावर येत नव्हती, ती खोलीत भरून राहिलेली होती. मग हळूहळू खोली दिसू लागली. भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, हात दीड हात जाडीच्या. खिडक्या दक्षिणेला, कारण हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो आणि ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचते. छत बुटके: पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काठ्या ओळीने, त्यांवर माती. एका भिंतीभर लाकडी फळ्यांवर पितळेची आणि तांब्याची भांडी मांडलेली, घासून लखलखीत केलेली. लडाखात चिलिंग गावचे धातुकारागीर नावाजलेले. त्यांच्या हातची एखादी नक्षीदार किटली घरात असणे ही मानाची गोष्ट. ती भांडी नुसती शोभेची नव्हेत. चुलीचा उजेड ती झेलतात आणि खोलीभर परत देतात. आपल्या आजीच्या फडताळातल्या पितळी डब्यांची मला आठवण झाली. चिंच लावून ते घासताना आपण कंटाळत होतो, पण संध्याकाळी ते खोली उजळवीत असत, हे मला तिथे बसल्यावर जाणवले.

मधोमध चूल. तिला 'थाब' म्हणतात. पूर्वी ती मातीची असे, आता बहुतेक घरांत लोखंडी पत्र्याची. तिच्या अंगावर पितळी नक्षी आणि मागून धुराडे थेट छताबाहेर गेलेले. तोंड एकच, पण वर भांडी ठेवायला ओळीने भोके. पहिल्यावर शिजायचे अन्न, त्यामागे चहा, शेवटच्यावर पाण्याचे भांडे. जाळ पुढे लागतो आणि धुराबरोबर मागे सरकताना एकेका भांड्याला आपले उरलेसुरले देत जातो. आपल्या चुलीला वैल असतो, तोच हा विचार. मुख्य चुलीवर भाकरी होत असताना वैलावर आमटी गरम राहते, त्याला कुणी वेगळे सरपण घालीत नाही. सह्याद्रीतल्या आणि हिमालयातल्या बायकांनी एकमेकींना न विचारता हा शोध लावला असला पाहिजे.

त्या चुलीला तिथे देवत्व आहे. चुलीत दूध उतू जाऊ नये, काही ओंगळ जळू नये, कारण चुलीची देवता रागावते. चुलीत पहिला घास टाकण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे परके वाटायचे नाही.

चुलीच्या दोन बाजूंनी भिंतीलगत बैठका, त्यांवर लोकरीचे गालिचे, समोर बुटकी रंगीत चौरंगासारखी मेजे. बसण्याचाही क्रम ठरलेला. वडीलधारे चुलीच्या जवळ, मग वयाप्रमाणे एकेक जण दाराकडे. चुलीमागची जागा घरधनिणीची. तिथून तिला सगळी खोली दिसते आणि सगळ्या खोलीला ती दिसते. माझ्या मनात घर करून राहिले ते हे एवढेच. त्या बाईची कुणाकडे पाठ नव्हती.

'आमा-ले', म्हणजे आई. 'ले' हे आपल्या 'जी'सारखे मानाचे. मुलाच्या आईला आम्ही सगळेच आमा-ले म्हणू लागलो. हिंदी त्यांना थोडे येत होते, माझे लडाखी 'जुले' या एका शब्दावर संपत होते. पण तो शब्द नमस्काराला, आभाराला आणि निरोपाला, तिन्हीला चालत असल्यामुळे माझे फारसे अडले नाही. त्यांनी आधी लोणी आणि मीठ घातलेला चहा दिला. लाकडी उभ्या नळकांड्यात तो घुसळतात. घुसळताना होणाऱ्या आवाजावरून त्याला 'गुरगुर चहा' म्हणतात. चहा म्हणून घेतला तर आपल्या जिभेचा हिरमोड होतो. मी मनातल्या मनात त्याला कढण म्हटले आणि मग दोन वाट्या प्याले. ह्यांनी चहा म्हणूनच घेतला, आणि वाटी रिकामी केली की ती लगेच भरली जाते हे कळायच्या आत तीन वाट्या संपवाव्या लागल्या.

दुपार उलटल्यावर आमा-लेंनी गव्हाचे पीठ भिजवले आणि परात चुलीशेजारी ठेवली. कुणी कुणाला हाक मारली नाही. आजीने जपमाळ बाजूला ठेवली, मुलाच्या वडिलांनी हात धुतले, धाकटी बहीण वही मिटून सरकली. प्रत्येकाने पिठाची एक लांब वळी घेतली आणि तिचे चिमटीएवढे तुकडे तोडून अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. प्रत्येक तुकडा इवल्याशा वाटीसारखा. हे 'स्क्यू'. बटाटे, गाजर, सलगम यांच्या रश्शात ते शिजायला टाकतात. ही कंदमुळे शरद ऋतूत जमिनीतल्या खड्ड्यात पुरून ठेवलेली असतात. बाहेर सगळे गोठते तेव्हा माती त्यांना सांभाळते. माझ्याही हातात एक वळी आली. लेकीच्या हातात आली. ह्यांच्या हातात आली तेव्हा आजी तोंडाला पदर लावतात तशी शाल लावून हसली.

तासभर आम्ही अंगठे दाबीत बसलो होतो. त्या तासात त्या घरातल्या गोष्टी निघाल्या: कुणाची गाय विकली, कोण लेहमध्ये दुकान काढणार आहे, पुण्यात मुलगा काय खातो. प्रश्न आम्हांलाही झाले. हाताला काम असले की तोंडाला संकोच राहत नाही, आणि गप्पा मारायला म्हणून मुद्दाम बसलेल्या माणसांना जे सुचत नाही, ते पिठाचे तुकडे तोडताना सुचते. आमच्या लेकीने त्या तासात फोन पाहिला नाही. तिच्या दोन्ही हातांना पीठ लागलेले होते, दुसरे काही कारण नव्हते.

आणि तेवढ्यात मला शेंगोळे आठवले. हुलग्याचे पीठ, त्यात लसूण, जिरे, तिखट. घट्ट भिजवायचे, तळहातांवर बारीक वळ्या वळायच्या, टोके जुळवून कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. जुन्नरकडे थंडीत घरोघर होतात. माझ्या सासूबाई तिकडच्या. शेंगोळे एकटीने करण्याचा पदार्थच नव्हे. एकटीने वळत बसले तर पहिला शेंगोळा वाळतो तरी शेवटचा वळून होत नाही. लग्नानंतर मी ते दोनदा खाल्ले, तेही गावच्या घरी. पुण्याच्या ओट्यावर ते कधी झालेच नाहीत. जागाच नव्हती, असे आम्ही म्हणत होतो.

ते स्वयंपाकघर सुंदर होते, म्हणून त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. छताच्या तुळया काळ्या कुळकुळीत होत्या. धुराडे येण्यापूर्वी धूर छतातल्या एका झरोक्यातून जायचा, आणि जाण्यापूर्वी तो खोलीतच फिरायचा. आजीचे डोळे कायम पाणावलेले, खोकला रात्रभर. शेण गोळा करायचे, पाठीवर वाहून आणायचे, वाळवायचे, रचायचे. हिवाळ्यात नळ गोठू नयेत म्हणून बंद ठेवतात तेव्हा पाणी दुरून आणायचे. हे सगळे बहुतेक बायकांच्या पाठीवर. कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि सिलिंडर होते, आणि सकाळचा चहा आमा-ले त्यावरच करीत. मला ते पाहून बरे वाटले.

ऊब मिळवण्याचे शहाणे मार्गही तिथे आले आहेत. दक्षिणेला काचेची खोली काढायची, दिवसाचे ऊन आत कोंडायचे आणि जाड मातीच्या भिंतींत ते साठवून रात्री वापरायचे. १९८८ साली स्थापन झालेल्या सेकमोल या शैक्षणिक संस्थेचे फे गावाजवळचे आवार असे उन्हावर ऊबदार राहते. ३१ ऑक्टोबर २०१९ ला लडाख केंद्रशासित प्रदेश झाला; नवी बांधकामे वाढत आहेत. मुलाचा थोरला भाऊ लेहमध्ये घर बांधत होता. त्याने फोनवर नकाशा दाखवला. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, प्रत्येक खोलीत हीटर, आणि स्वयंपाकघर मागच्या बाजूला, लहान, ओट्याचे. आमा-लेंनी नकाशा नीट पाहिला आणि एकच विचारले. मुलाने भाषांतर केले, "आई विचारते, मी कुठे बसू?"

भाऊ हसला. मला मात्र हसू आले नाही. हाच प्रश्न आमच्या घरात कुणीतरी न विचारता गिळला होता.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. गावच्या घरी त्या दिवसाचे बारा तास चुलीपुढे पाटावर बसून असत. भाजी निवडणे, ताक करणे, आल्यागेल्याची विचारपूस, सारे तिथूनच. आमच्या स्वयंपाकघरात पाट टाकायला जागा नाही. ओट्यापुढे उभे राहायला गुडघे ऐकत नाहीत. मग त्या बाहेरच्या खोलीत दूरदर्शन संचासमोर बसू लागल्या. दुखणे नव्हते, तक्रार नव्हती. बोलणे मात्र कमी होत होत दोन वाक्यांवर आले होते: सकाळी "चहा झाला का?" आणि रात्री "दार लावलं का?"

परत आल्यावर ह्यांनी उत्साहाने जाहीर केले, की गच्चीवर एक चूल मांडायची. चुलीवरच्या भाकरीची चव, तो धुराचा वास, वगैरे. सासूबाई ऐकत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी तिसरे वाक्य उच्चारले.

"अरे, चुलीची ऊब तुम्हांला मिळायची. धूर आम्ही खाल्ला."

हे गप्प झाले. त्या पुढे म्हणाल्या, "माझी सासू डोळे चोळून चोळून गेली. चूल नको. गॅस आहे तो बरा आहे."

त्यांचे म्हणणे आकड्यांतही खरे आहे. घरातल्या चुलींच्या धुरामुळे होणाऱ्या विकारांनी २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे; त्यांत बायका आणि लहान मुले यांना झळ अधिक. धुराची ही पीडा आपल्या लोकांच्या लक्षात नव्हती असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून १९४० नंतरच्या दशकात 'मगन चूल' नावाची धुराडे असलेली चूल निघाली. १९८३ मध्ये सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आणि १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यापाड्यांत नेला. तेव्हा गेलेल्या चुलीसाठी गळा काढू नये. थंडी वाजते म्हणून फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवून दारेखिडक्या लावून घेण्याचा विचार तर कुणी चुकूनही करू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

चूल गेली ते चांगलेच झाले. पण चुलीबरोबर बैठकही गेली, ती जायचे काही कारण नव्हते. याचा एक धागा युरोपात सापडतो. १९२६ साली मार्गारेट शूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. रुंदी जेमतेम १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. हात लांबवला की हवी ती वस्तू. बाईची पावले वाचावीत, वेळ वाचावा, ती बाहेर नोकरी करायला मोकळी व्हावी, हा हेतू. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. हेतू चांगला होता आणि पावले खरोखर वाचली. पण तिथे एकच माणूस मावत होते. पुढे टीका झाली ती हीच, की ती बाई घरापासून एकटी पडली. आमच्या नऊ बाय सातच्या खोलीत उभी राहून मी हे वाचले तेव्हा मला टीकाकारांचीही फार गरज वाटली नाही.

मग आम्ही काय केले ते सांगते. भिंत पाडली नाही आणि सुताराला फारसे पैसे दिले नाहीत. फ्रीज बाहेरच्या खोलीत गेला. तो तिथे चांगला दिसत नाही, हे मला मान्य आहे. ओट्याखालचे वर्षानुवर्षे न उघडलेले डबे उघडले, आणि न लागणारी भांडी बोहारणीकडे गेली. फ्रीजची जी जागा रिकामी झाली तिथे भिंतीलगत एक बुटके, रुंद बाक करून घेतले, सासूबाईंच्या गुडघ्यांना उठता-बसता येईल एवढ्या उंचीचे. त्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी. फरशीवर जाड सतरंजी. थंडी खोलीत हवेतून येते त्याहून अधिक तळपायांतून येते. पांढरी नळी काढून पिवळ्या उजेडाचा दिवा लावला. पूर्वेच्या खिडकीपुढे ठेवलेली बरण्यांची रांग हलवली, तर आठ वाजता बाकापर्यंत ऊन येते असे कळले. ते ऊन रोज येत होते; बरण्यांवर पडत होते. माळ्यावरून पितळेचे चार डबे काढले आणि फळीवर मांडले. एवढ्याने खोली लडाखी झाली नाही, पण तीन माणसे बसतील आणि चौथे उभे राहील अशी झाली.

पहिला आठवडा काही जमले नाही. प्रत्येकजण आत डोकावून, बाक बघून, "छान झालं" म्हणून निघून जाई. जागा झाली तरी हाताला काम हवे, हे आमा-लेंच्या परातीपाशी पाहिलेले होते. शनिवारी मी हुलग्याचे पीठ आणले, भिजवले, परात बाकावर ठेवली आणि सासूबाईंना म्हटले, "आई, मला वळता येत नाहीत."

त्या आल्या. बसल्या. पिठाला बोट लावून म्हणाल्या, "पाणी जास्त झालंय." मग लेकीला हाक मारून आणखी पीठ घ्यायला लावले. ह्यांनी वळलेले शेंगोळे बोटाएवढे जाड झाले, त्यावर मायलेकरांचा वाद झाला; "तुझे वडीलसुद्धा असेच जाडे वळायचे," असे सासूबाई म्हणाल्या आणि बोलताबोलता थांबल्या. सासरे गेल्यानंतर त्यांचे नाव घरात पहिल्यांदा निघाले ते असे, पिठात. मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या. कोणत्या थंडीत गुऱ्हाळावर कोण कोण होते, हुलगे कुठल्या रानात यायचे, कोण किती शेंगोळे खायचे. फोडणीच्या पाण्याला उकळी आली होती, शेगडी बारीक करून मी तशीच उभी राहिले. ओट्याला टेकून, पाठ ओट्याकडे, तोंड खोलीकडे.

रोज असे होते असे समजू नका. परीक्षेच्या दिवसांत मी पोळीभाजी उरकून मोकळी होते. बाकावर कधी इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. दोन माणसे आत आली की भांडणेही तिथेच होतात, आणि मिठावरून सासूबाईंचे नि माझे वर्षभराचे राहून गेलेले मतभेद आता रोजच्या रोज निघतात. त्याला माझी हरकत नाही. सकाळी साडेपाचला मात्र आता मी एकटी नसते. बाकावर सासूबाई असतात, मेथीची जुडी घेऊन. आधी माझ्या हातात चहाचा कप येतो, तोही त्यांनी गाळलेला, आणि मग विचारपूस होते. फरशी अजून गारच आहे.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात करंज्या झालेल्या असतील. करंजीही शेंगोळ्यांच्याच जातीची. एकीने लाटायच्या, दुसरीने भरायच्या, तिसरीने कातायच्या, चौथ्याने तळायच्या. ओल्या फडक्याखालून वेळेवर बाहेर पडायला हव्यात, म्हणून सगळ्यांना एका जागी बसावेच लागते. वर्षातले हे चार दिवस आपल्या घरांतली स्वयंपाकघरे भरलेली असतात. भाऊबीज झाली, डबे भरले की परात पालथी पडते आणि माणसे आपापल्या खोल्यांत जातात. आणि खरी थंडी सुरू होते ती त्यानंतर.

तेव्हा परात एवढ्यात उचलू नये. पुढे मटार सोलायचे आहेत, तिळाचे लाडू वळायचे आहेत, भोगीच्या भाजीसाठी पावट्याचे दाणे काढायचे आहेत. हुलग्याचे पीठ कुठल्याही वाण्याकडे मिळते. चार जणांना गुडघ्याला गुडघा लावून बसता येईल एवढी जागा तेवढी ज्याची त्याने काढायची आहे.